अण्णांचा पाय आणि त्या बारीक सुया

मासिकासाठी लेख द्या अशी नोटीस हॉस्टेलच्या बोर्डावर लागली तेव्हा माझी रूममेट म्हणाली, "तू मराठी विभागात लिहू नकोस हं, संपादकांना हार्ट अटॅक येईल." तिचंही बरोबर आहे. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी आम्हाला तिसरी भाषा, आठवड्यातून चार तास, आणि त्यातला एक तास बाई वह्या तपासण्यात घालवायच्या. त्यामुळे पहिली वेलांटी की दुसरी हा प्रश्न मला आजही लॅप्लास ट्रान्सफॉर्मपेक्षा अवघड वाटतो. पण हा विषय इंग्रजी विभागासाठी लिहायला बसले आणि दोन ओळींत अडकले. कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते अण्णा माझ्याशी आयुष्यात एक वाक्य इंग्रजीत बोललेले नाहीत. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि वाचा.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, तळपायाची आग मस्तकात जाणे. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा, एक मार्क. मी तो 'खूप राग येणे' असा पाठ केला होता. अण्णांच्या बाबतीत त्याचा शब्दशः अर्थ मला कळला.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. वय ७१. कराडजवळच्या आमच्या गावी असतात, साखर कारखान्यात टाइमकीपर होते. "जन्मभर साखर पोत्यात भरताना बघितली, आता ती रक्तात भरलीय," हा विनोद ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात, आणि आजी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कपाळाला हात लावते. मधुमेह होऊन १८ वर्षं झाली. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मग आग. दिवसा कामात विसरायचे, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. पांघरुणाचा स्पर्श सहन व्हायचा नाही. थंडीच्या दिवसांत रात्री दोन वाजता मोरीत बादलीभर गार पाण्यात पाय बुडवून बसलेले अण्णा मी सुट्टीत स्वतः पाहिलेत. आणि गंमत अशी (गंमत कसली!) की त्याच पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी त्यांना कळायचं नाही. चार पावलं पुढे गेल्यावर आजी ओरडायची, "अहो, चप्पल!"

आग होतेय आणि कळतही नाहीये, एकाच पायात दोन्ही कसं? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. मी तेव्हा एसईला होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

गेल्या वर्षी जानेवारीत गावातल्या मंगल कार्यालयात शिबिर लागलं. ॲक्युपंक्चरचं. बोर्डावर लिहिलं होतं, 'मधुमेहाने मेलेल्या नसा पुन्हा जिवंत! फक्त दहा सिटिंग!' एका सिटिंगचे तीनशे रुपये. अण्णांनी नाव नोंदवलं आणि मला फोनवर सांगितलं. मी फोनवरच लेक्चर दिलं. हे सगळं थोतांड आहे, सुया टोचून कुठे शुगर उतरते का, वगैरे. अण्णा शांतपणे म्हणाले, "बाळ, शुगर उतरवायला नाही चाललो. झोपायला चाललोय."

त्या रात्री आमच्या रूममध्ये यावर अडीच तास वाद झाला. मेकॅनिकलवाली माझ्या बाजूने. सिव्हिलवालीची आई स्वतः पाठदुखीसाठी सुया घेते, त्यामुळे ती विरुद्ध पार्टीत. शेवटी रेक्टर मॅडम येऊन लाइट घालवून गेल्या, तेव्हा 'चिनी लोक काय मूर्ख आहेत का' विरुद्ध 'चिनी लोक करतात म्हणून सगळं बरोबर का' या मुद्द्यावर आम्ही अडकलेलो होतो. सांगायचा मुद्दा हा की दोन्ही बाजूंनी कोणीही काहीही वाचलेलं नव्हतं.

सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत मी घरी गेले आणि हेरगिरी करायला म्हणून अण्णांबरोबर चौथ्या सिटिंगला गेले. हॉलमध्ये डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो, त्याला हार. आमचे हे सोलापूरचे कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, एवढं आपल्याला शाळेतून आणि शांतारामबापूंच्या सिनेमामुळे माहीत असतं. पण ते सर्जन होते, त्यांच्या हातात सुरी होती. सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी. ते पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. फोटो चुकीच्या डॉक्टरांचा, असं मला हॉलमध्ये सांगावंसं वाटलं होतं. आजीने डोळे वटारले.

सुई पाहून मात्र मी गप्प झाले. पाव मिलिमीटर जाडीची, इंजेक्शनच्या सुईच्या मानाने केसासारखी. प्रत्येकाला नवीन पाकीट फोडून. एक गुडघ्याखाली चार बोटांवर, त्या जागेला चिनी नाव झूसानली. एक आतल्या घोट्याच्या वर चार बोटं. काही पावलावर. मग अर्धा तास पडून राहायचं. टोचणारे गृहस्थ प्रत्येकाजवळ बसून बोलत होते. झोप लागते का, जेवता काय, सून बरी आहे का. अण्णांचं पाऊल त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं. आणि खरं सांगते, पाचव्या की सहाव्या सिटिंगनंतर अण्णा रात्री सलग झोपायला लागले. मोरीतली बादली वाळायला लागली. माझं थोतांड तिथेच कोसळलं. आजी आनंदाने रडली, तिला मी काय सांगणार होते?

हॉस्टेलला परत आल्यावर मग मी वाचायला बसले. लायब्ररीत पहिल्यांदाच परीक्षेव्यतिरिक्त! जे सापडलं ते असं.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये एक अभ्यास छापला. मधुमेहामुळे पाय दुखणारे ४६ रुग्ण, दहा आठवड्यांत सहा वेळांपर्यंत सुया. ४४ जणांनी पूर्ण केलं, त्यातल्या ३४ जणांना, म्हणजे ७७ टक्क्यांना, लक्षणीय आराम पडला. सात जणांचा त्रास पूर्ण गेला. बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी झाल्या किंवा बंद झाल्या. इथपर्यंत वाचून मी अण्णांना माफीचा फोन करणार होते. पण पुढची ओळ वाचली. पायाच्या नसांच्या तपासणीचे मार्क, कंपन किती जाणवतं याचं मोजमाप आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीएवनसी, या तिन्हींत काहीही फरक पडला नव्हता.

ई अँड टीसीवाल्यांनो, ही ओळ आपल्यासाठी आहे. चॅनेलमध्ये दोन प्रकारचे बिघाड असतात. एक, नॉइज वाढतो. दोन, सिग्नलच पोचत नाही. अण्णांची आग म्हणजे नॉइज: बिघडलेल्या नसा कारण नसताना मेंदूला 'भाजतंय, भाजतंय' असे पल्स पाठवत राहतात. निसटलेली चप्पल म्हणजे हरवलेला सिग्नल: खरोखर काही झालं तर तो निरोप वर जातच नाही. दोन्ही बिघाड एकाच केबलमध्ये एकाच वेळी सुखाने नांदतात. सुयांनी त्या ३४ लोकांचा नॉइज कमी झाला. सिग्नल होता तिथेच राहिला. म्हणजे रेडिओची खरखर थांबली, पण स्टेशन लागलेलं नाही. आणि यातला सगळ्यात वाईट भाग मला नंतर कळला. कधी कधी सुई न टोचताही खरखर आपोआप थांबते, कारण केबल पूर्णच गेलेली असते. पाय दुखायचा थांबला याचा अर्थ पाय सुधारला असाही असू शकतो आणि पाय संपला असाही.

बरं, त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता. नुसतं झोपवून, गप्पा मारून, खोट्या सुया लावून किती जणांना बरं वाटलं असतं? हे शोधण्यासाठी लोकांनी जे यंत्र काढलंय ते मला फार आवडलं. १९९८ मध्येच श्ट्राइटबर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी एक बोथट सुई बनवली. नाटकातल्या खंजिरासारखी ती दाबली की दांड्यात आत सरकते. रुग्णाला वाटतं टोचली, पण ती कातडीत शिरलेलीच नसते. मँचेस्टरमध्येच २०१४ साली ४५ रुग्णांवर खऱ्या विरुद्ध खोट्या सुयांची छोटी चाचणी झाली. कल थोडा खऱ्या सुयांकडे झुकला, पण एवढ्या थोड्या माणसांवरून छातीठोक काही म्हणता येत नाही. ती मुळात मोठ्या अभ्यासाची रंगीत तालीम म्हणूनच केली होती. २०१७ मध्ये कॉक्रेनच्या लोकांनी (हे जगभरचे अभ्यास चाळून त्यातला कोंडा वेगळा करतात) नसांच्या दुखण्यावरचे ॲक्युपंक्चरचे सगळे अभ्यास गोळा केले. निकषात बसणारे निघाले फक्त सहा, सगळे मिळून ४६२ माणसं. निष्कर्ष: उपयोग होतो असंही म्हणता येत नाही, होत नाही असंही नाही.

म्हणजे आमच्या रूममधला अडीच तासांचा वाद जगातही तसाच अर्धवट पडलाय.

सुयांनी वेदना कमी कशी होत असेल याला काही कारणं सुचवली गेलीत. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेली गेट थिअरी आहे. मणक्यात एक फाटक असतं, स्पर्शाचे निरोप गर्दी करून आले की वेदनेच्या निरोपाला ते वाट देत नाही. कोपर आपटलं की आपण चोळतो ते त्यामुळेच. शरीर स्वतःची अफूसारखी द्रव्यं सोडतं असाही पुरावा आहे. २०१० मध्ये उंदरांच्या झूसानलीवर सुई टोचून तिथे ॲडेनोसिन वाढतं हे दाखवलं गेलं. हे सगळं वेदनेबद्दल झालं. नस पुन्हा उगवण्याबद्दल यात अवाक्षर नाही.

आता 'फक्त दहा सिटिंग'चं गणित करू. पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस म्हणजे एकच पेशी, जिचं मुख्य घर कमरेच्या मणक्याजवळ आणि टोक बोटाच्या शेंड्यावर. जवळजवळ एक मीटरची केबल! सगळा माल कमरेतून लोड होऊन शेंड्यापर्यंत जायचा, म्हणून मधुमेहात सगळ्यात लांबची नस आधी मरते. आधी बोटं, मग तळवा, मग मोजा घातल्यासारखं वर वर. तुटलेली नस निरोगी माणसात, सगळं मनासारखं झालं तर, दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. घोटा ते बोटं सरासरी वीस सेंटिमीटर धरा. २०० मिलिमीटर, २०० दिवस. मधुमेहात तर हा वेगही मिळत नाही. आणि अण्णांच्या नसा पाच आठवड्यांत जिवंत? हे गणित आठवीतला मुलगाही करील. बोर्ड लिहिणाऱ्याने केलं नाही, किंवा केलं आणि तरी लिहिलं.

माझा राग सुईवर नाही, त्या बोर्डावर आहे. दहावं सिटिंग झाल्यावर अण्णांना सांगितलं गेलं, "काका, नसा मोकळ्या झाल्या. तुम्ही बरे झालात." 'आराम पडला' म्हटलं असतं तर पुढचं घडलं नसतं. अण्णांनी नवस बोलला होता, पाय बरे झाले तर चैत्रात जोतिबाला अनवाणी चढून येईन. पाय तर बरे झाले होते! एप्रिलमध्ये चैत्र यात्रेला ते गेले. भर दुपारी. दगडी पायऱ्या, वरून ऊन, गुलालाने लाल झालेली फरशी. बरोबरची माणसं टणाटण उड्या मारत सावली शोधत होती आणि आमचे अण्णा देवाच्या कृपेने संथपणे चालत होते. गावी येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "बघा, मला चटकासुद्धा बसला नाही."

खरंच बसला नव्हता. तळव्याला फोड मात्र आले होते. गुलालामुळे दिसले नाहीत. चार दिवसांनी आजीला चादरीवर डाग दिसला. उजव्या अंगठ्याखालचा फोड फुटून आत गेला होता. मे महिन्यात अंगठा काढावा लागला. माझी परीक्षा चालू होती म्हणून मला सांगितलं नाही. पेपर संपल्यावर घरी गेले तेव्हा पायाला बँडेज होतं आणि अण्णा म्हणाले, "एकच गेला, नऊ शिल्लक आहेत."

आता तुम्हाला वाटेल, ही पोरगी 'भोंदूंपासून सावधान' लिहून मोकळी होणार. तसं करायला गेले की मला दुसरी गोष्ट आठवते. १८ वर्षं अण्णा रीतसर डॉक्टरांकडे जात होते. दर तीन महिन्यांनी रक्त, लघवी, प्रिस्क्रिप्शन. आग होते म्हटल्यावर गोळी मिळाली. ती गोळीही काही रामबाण नाही. नसांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन साधारण आठ जणांना द्यावी तेव्हा खोट्या गोळीने झाला असता त्यापलीकडे एकाला भरघोस उतार पडतो, असं २०१५ चा एक मोठा आढावा सांगतो. नस तीही दुरुस्त करत नाही. अण्णांना ती घेतली की दिवसभर गरगरायचं म्हणून त्यांनी सोडली. पण माझी तक्रार गोळीची नाहीच. या १८ वर्षांत एकाही डॉक्टरांनी अण्णांना मोजे काढायला सांगितलं नाही. एकदाही नाही! रांग मोठी, तीन मिनिटं एका पेशंटला, "शुगर कंट्रोल करा, गोड बंद, पुढचा." त्यांचं पाऊल हातात धरणारा पहिला माणूस तो सुयावाला होता. लोक तिकडे का जातात याचं उत्तर मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

'शुगर कंट्रोल करा' हे बोलणं चूक नाही. अमेरिका-कॅनडात टाइप वन मधुमेहाच्या १४४१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासात कडक नियंत्रणाने नसांचा आजार साधारण ६० टक्क्यांनी कमी झाला. अण्णांसारख्या टाइप टूमध्ये फायदा एवढा दिसत नाही, पण दिशा तीच. मात्र हे सगळं आधी करायचं काम आहे. बधिर झालेल्या पायाला रोज बघायचं असतं, हे सांगायला साखर मोजायचं यंत्र लागत नाही. आणखी एक. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की काहींच्या शरीरात बी-ट्वेल्व्ह कमी पडतं, आणि त्याच्या कमतरतेनेही नसा खराब होतात. अण्णा माळकरी, अंडंसुद्धा वर्ज्य. त्यांचं बी-ट्वेल्व्ह कोणी तपासलं नव्हतं. अंगठा गेल्यावर तपासलं, कमी निघालं. इंजेक्शनं झाली. फरक पडला का? अण्णा म्हणतात, "असेल."

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक गोष्ट. पायाची जाणीव तपासायला मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा जाड केस वापरतात. तो तळव्याला टेकवून दाबायचा, तो वाकेपर्यंत. वाकला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडलेला असतो, कितीही जोर लावा. का? ऑयलरचं बकलिंग! ज्या कॉलमच्या डेरिव्हेशनला आपण सगळे शिव्या घातल्या ते एवढ्याशा केसात बसवलंय. १० ग्रॅम कळले नाहीत तर पाय धोक्यात. नसेल ते साधन तर इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी त्याहून सोपी युक्ती काढलीय. माणसाला डोळे मिटायला सांगायचं. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, एकूण सहा शेंड्यांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच टेकायचं. दाबायचं नाही, घासायचं नाही. दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत तर डॉक्टरांकडे न्यायचं आणि मोजे काढायलाच लावायचे. खर्च शून्य. २०२३ मध्ये छापलेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. म्हणजे या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर कुणाचे तरी आई-बाबा, मामा, आजी त्यात असणारच. आपले मेसचे काका आहेत, मला माहीत आहे.

आपल्याकडे बीईला दर वर्षी एक तरी ग्रुप 'स्मार्ट इनसोल'चा प्रोजेक्ट घेतो. प्रेशर सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, बझर. त्यांनी डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल जरूर वाचावं. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेला हा इंग्रज सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरला आला आणि पुढे तिथे कुष्ठरोग्यांवर काम करू लागला. कुष्ठरोगात बोटं रोगाने झडत नाहीत, जाणीव गेल्यामुळे जखमा होऊन जातात, हे ठसवण्यात त्यांचा मोठा वाटा. रात्री झोपेत रुग्णांची बोटं उंदीर कुरतडायचे आणि त्यांना जाग यायची नाही, म्हणून त्यांनी घरोघर मांजरं दिली. पुढे अमेरिकेत त्यांनी इंजिनीअर्सना हाताशी धरून नकली वेदना बनवायचा प्रयत्न केला. हातमोज्यात सेन्सर, दाब वाढला की कानात आवाज. पेशंट आवाजाकडे दुर्लक्ष करायचे. मग दिवे लावले. तेच. मग जिथे जाणीव शाबूत आहे अशा काखेत शॉक. तेव्हा पेशंट आधी स्विच बंद करायचे, हवं ते काम उरकायचे आणि मग पुन्हा चालू करायचे! शेवटी प्रकल्प गुंडाळला. बझर वाजवणं सोपं आहे, मित्रांनो. खरी वेदना माणसाला बंद करता येत नाही, तीच तिची किंमत.

आणि म्हणूनच वेदना बंद करून देणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते, मग तो गोळीवाला असो की सुईवाला. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, कौन्सिल आहे, म्हणजे हे गल्लीबोळातलं जादूटोण्याचं काम राहिलेलं नाही. मग नियमही तसेच हवेत. माझ्या मते कुणाला आगीसाठी सुया घ्यायच्या असतील तर खुशाल घ्याव्यात. डिस्पोजेबल सुई, नोंदणी असलेला माणूस, साखरेची एकही गोळी बंद न करता. पण पहिल्या सिटिंगच्या आधी आणि शेवटच्या नंतर जाणीव तपासून कागदावर लिहून द्यावी. 'आग कमी, जाणीव आहे तशीच, अनवाणी चालू नका.' एवढी एक ओळ. तीनशे रुपयांत ती बसत नसेल तर सुईही बसू नये. प्रदर्शनात मिळणाऱ्या त्या टोकदार ॲक्युप्रेशर चपला मात्र मधुमेह्याच्या घरात आणूच नका. बधिर पायाखाली दिवसभर प्लास्टिकचे खिळे, यापेक्षा वाईट कल्पना मला सुचत नाही. आमच्या घरी होत्या. मी त्या बंबात घातल्या आणि घरभर असा वास सुटला की आजीने मला शिव्या घातल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी अण्णांची इप्सविच चाचणी घेतली. ते ओसरीवर आरामखुर्चीत, मी खाली पायाशी. आता शेंडे पाचच. डोळे मिटायला लावले आणि म्हटलं, "अण्णा, मी हात लावला की 'हो' म्हणा." डाव्या अंगठ्याला टेकले. काही नाही. मधल्या बोटाला, काही नाही. करंगळीला टेकले तेव्हा हळूच "हो" आलं. मला एवढा आनंद झाला की मी लिहून घ्यायला पेन उचललं. पेन माझ्या हातात होतं, हात हवेत होता, आणि डोळे घट्ट मिटलेले अण्णा हसून म्हणाले, "हो. आत्ता पण लावलास बघ. हो ना गं?"

(टी.ई., ई अँड टीसी)